लडलो बघायचं तर बाजाराच्या दिवशीच जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण त्यात लडलो गावाला जेमतेम दोन ओळी दिल्यात, वाटेत किल्ला बघा, अर्धा तास पुरतो. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी नुकताच मुलीकडे मँचेस्टरला राहून आलो, तिथून कार्डिफकडे जाणारी ट्रेन थेट लडलोला थांबते, एका बुधवारी सकाळीच आम्ही दोघं गेलो आणि संध्याकाळपर्यंत पाय निघेना.

किल्ला बघायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. 11व्या शतकाच्या शेवटी द लेसी घराण्यानं बांधायला घेतलेला, पुढे राजाकडे गेला, आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 मध्ये इथेच वारला, तो जगता तर हेन्री गादीवर आलाच नसता. आणि आपल्या वाचकांना हे तर सांगायलाच हवं की 1811 मध्ये हा किल्ला पोविसच्या अर्लनं (अर्ल म्हणजे तिकडचा उमराव) सरकारकडून विकत घेतला आणि तेव्हा अर्ल होता एडवर्ड क्लाइव्ह, म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा, 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हाच मद्रासचा गव्हर्नर होता. किल्ला आजही त्याच घराण्याकडे आहे. मी भिंतीपाशी बराच वेळ नुसता उभा होतो.

पण गाव उभं राहिलं ते बाजारावर. किल्ल्याच्या दारातून बाहेर आलं की समोर चौक, तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार बाजार भरतो, भाजी, चीज, पाव, फुलझाडांच्या कुंड्या, जुनी पुस्तकं. पूर्वी इथून गावातल्याच बुल रिंग नावाच्या भागापर्यंत एकच ऐसपैस पेठ होती, मग पालं ठोकून बसणाऱ्यांनी हळूहळू तिथेच पक्की दुकानं बांधली आणि त्या एका पेठेच्या तीन-चार चिंचोळ्या गल्ल्या झाल्या, आज आपण चालतो त्या ह्याच. चौकात टाऊन हॉलची मोठी इमारत होती ती 1986 मध्ये पाडली आणि त्या जागेवर पुन्हा उघडा बाजार आला, हे मला फार आवडलं.

पैसा आला लोकरीतून. इथला लॉरेन्स नावाचा लोकरीचा व्यापारी एवढा श्रीमंत झाला की जवळच स्टोकसेला त्यानं स्वतःचा गढीवजा वाडा बांधला, आणि 1294 मध्ये लोकर घेऊन जाताना जहाज बुडून गेला. वाडा अजून उभा आहे, वेळ असेल तर तोही बघा. फेदर्स हॉटेलची 1619 ची कोरीव लाकडी दर्शनी बाजू, ब्रॉड स्ट्रीटचा उतार आणि खाली उरलेली एकुलती एक वेस, हे सगळं पायी फिरूनच बघून होतं.

मी 31 वर्षं वजनमापे खात्यात काढली, त्यामुळे माझा जीव अडकला तो सेंट लॉरेन्स चर्चमध्ये. तिथे पाद्र्यांच्या उघडमिट होणाऱ्या लाकडी सीटा आहेत, मध्ययुगातल्या, प्रत्येकीच्या खालच्या अंगाला कोरीव काम. एकीवर बिअर विकणारी बाई आहे, कमी माप देणारी, हातात तिचं ते खोटं माप तसंच आणि सैतान तिला उचलून नरकात नेतोय. मापात पाप म्हणतो ना आपण, तेच, आणि तेही बाजारपेठेच्या गावातल्या चर्चमध्ये जिथे रविवारी सगळे दुकानदार यायचे! मुलीला म्हटलं, नोकरीभर मी हेच सांगत फिरलो गं.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी लेखात 'अर्धा तास' काढून अख्खा दिवस लिहा आणि बाजाराचे वार द्या. मंगळवारी जाणाऱ्याला रिकामा चौक दिसेल. सहल कंपन्यांच्या बसेस किल्ल्याशी थांबून फोटो काढून निघतात, त्यांनाही कोणीतरी हे सांगायला हवं, तुमचा पेपर ते लोक वाचतात. सकाळीच पोचा असंही लिहा, दुपार कलली की स्टॉल आवरायला लागतात.

आपला जुना वाचक,
सातारा