माहीमच्या उपसागराभोवतीची वाट जोडावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील किल्ल्यांची डागडुजी, रोषणाई आणि सुशोभीकरण यांच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. परंतु वांद्रे, माहीम आणि वरळी हे तीन किल्ले एकाच उपसागराच्या काठावर असून ते पायी जोडता येतात, याचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. काठाकाठाने हे अंतर साधारण दहा-बारा किलोमीटर भरते, म्हणजे चालण्याची सवय असलेल्या माणसाची एक सकाळ. सह्याद्रीतल्या गडांसाठी रात्रीची कसारा लोकल पकडणाऱ्या मुंबईकरांना ही घराजवळची वाट ठाऊक नसते, याचे एक कारण आपली उदासीनता आहे आणि दुसरे, अधिक मोठे कारण म्हणजे ही वाट जागोजागी तुटलेली आहे.

सुरुवात वांद्र्याच्या किल्ल्यापासून करावी. पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधलेला हा किल्ला गोड्या पाण्याच्या सोयीमुळे जहाजांच्या उपयोगाचा होता. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी (वांद्रे ज्या बेटावर आहे ते) आणि वसई जिंकली, त्या धामधुमीत तो त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याचा काही भाग पाडून टाकला. तटावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की पाण्यापलीकडे वरळीचे टोक दिसते. मुंबई बेटे १६६१ च्या विवाहकरारान्वये इंग्रजांना देऊ केली गेली, साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. म्हणून माहीमच्या खाडीच्या एका काठावर पोर्तुगीज आणि दुसऱ्या काठावर इंग्रज, अशी ही एके काळची सरहद्द आहे. तिन्ही किल्ल्यांच्या मोक्याच्या जागा का निवडल्या गेल्या, हे पुस्तकापेक्षा चालताना लवकर उमगते.

तेथून रेक्लेमेशनच्या पदपथाने मिठी नदीच्या मुखाशी येता येते. या टप्प्यात दुर्गंधी पाठ सोडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे; तरीही ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात बगळे आणि हिवाळ्यात कुरव पक्षी दिसतात, आणि कडेला तिवरांची हिरवी पट्टी अजून तग धरून आहे. पुढे माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडी ओलांडणारा रस्ता, लागतो. १८४० च्या दशकात लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन तो बांधवला आणि ये-जा करणाऱ्यांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली. त्याच उपसागरावर २००९ मध्ये सुरू झालेल्या सागरी सेतूवर टोल तर आहेच, शिवाय पादचाऱ्यांना प्रवेशच नाही.

माहीमचा किल्ला अनेक वर्षे झोपड्यांनी वेढलेला होता. तेथील रहिवाशांचे पुनर्वसन झाल्यावर तटबंदी प्रथमच मोकळेपणाने नजरेस पडू लागली. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाने मुंबईवर चाल केली तेव्हा माहीमही त्याच्या ताब्यात गेले होते. समुद्राच्या माऱ्याने या तटाचे दगड निसटत आहेत, त्यामुळे येथे रंगीत दिव्यांआधी पायाची दुरुस्ती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाजी पार्क आणि चैत्यभूमीलगतच्या व्ह्यूइंग डेकपर्यंत चालणे सुखाचे आहे. प्रभादेवीत मात्र समुद्रकाठ इमारतींच्या कुंपणभिंतींआड जातो आणि चालणाऱ्याला वीर सावरकर मार्गावर येऊन, सिद्धिविनायकावरून वाहनांच्या गर्दीत सेंच्युरी बाजाराकडे जावे लागते. वरळीत शिरल्यावर समुद्र पुन्हा भेटतो. वरळीच्या खडकांच्या थरांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेडकांचे जीवाश्म सापडले होते, ही गोष्ट त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. कोळीवाड्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून मासळीची टोपली आली तर आपण अंग चोरून उभे राहायचे. कुठे ओट्यावर जाळे सांधण्याचे काम चाललेले असते, कुठे बोंबील वाळत असतात. गल्लीच्या शेवटी, १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी उभारलेला किल्ला आहे. आत विहीर आहे, लहानसे देऊळ आहे आणि माथ्यावर घंटेचा मनोरा आहे.

या वाटेसाठी कोट्यवधींचा प्रकल्प नको. तिन्ही किल्ल्यांवर आणि मधल्या वळणांवर मराठीत दिशादर्शक फलक लावावेत, त्यांवर किल्ल्याचा इतिहास चार ओळींत द्यावा. भरती-ओहोटीच्या वेळा रोज लिहिणारा फळा वांद्र्याच्या खडकांपाशी असावा, कारण पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती येते आणि खडकांवर गेलेल्या माणसांना परतीची वाट राहत नाही. प्रभादेवीत काठापर्यंत जाणाऱ्या सार्वजनिक गल्ल्या कोणत्या, हे महापालिकेने जाहीर करून त्या खुल्या ठेवाव्यात. कोळीवाड्यांतून जाणारा टप्पा तेथील रहिवाशांना आणि मच्छीमार संस्थांना विचारूनच ठरवावा. होड्यांना जाता यावे म्हणून किनारी रस्त्याच्या खांबांमधील अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेण्यासाठी वरळीच्या कोळी बांधवांना किती झगडावे लागले, हे आपण पाहिले आहे. माशांची विक्री आणि होड्यांची ये-जा यांना अडथळा होईल अशा वेळी गटांना तेथे नेऊ नये.

पुरातत्त्व विभाग आणि महापालिका यांनी एकत्र बसून निदान फलकांचे आणि भरतीच्या फळ्याचे काम येत्या हिवाळ्याआधी पूर्ण करावे, ही विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई