सुन्या, तुझ्या घोट्याबद्दल एक सांगायचं राहिलंय

कोल्हापूर,
५ जुलै २०२५

प्रिय सुन्या,

तीन महिने झाले, तुझ्या एवढ्या लांबलचक व्हॉइस नोटला मी नुसता अंगठा दाखवून गप बसलोय. शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या. माझी साखर आहे तिथंच आहे, आई बरी आहे. पाऊस लागलाय. उद्या एकादशी, घरातली पहाटे दिंडीबरोबर नंदवाळला चालत जाणार आहे. मला पण चल म्हणाली, मी गुडघा पुढं केला.

तर मर्दा, आपल्या तालमीची फुटबॉल टीम लीगच्या खालच्या गटात गेली, आपण खाली आलो. ग्रुपवर वाचलंच असशील. शेवटच्या मॅचला बरोबरी पुरत होती आणि दहा मिनिटं राहिली तोवर बरोबरी होती. मग आपल्या गोलकीपरला बॉल हातात धरायच्या ऐवजी ड्रिबल करायची हौस आली. शाहू स्टेडियमपासून तालमीपर्यंत कोण कुणाशी बोललं नाही. कोपऱ्यावरचा पानवाला, जो हरल्यावर हमखास टोमणा मारतो, त्यानं न मागता पान लावून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. ते पान गिळंना झालं.

आता नवा कोच नेमायचाय. तालमीनं पाच जणांची कमिटी केलीय. दोन मतं इकडं, दोन तिकडं, पाचवा मी. गुरुवारी बैठक आहे आणि मला झोप नाही.

पहिला तो गोव्याकडचा. मोठा खेळाडू होता, नाव घेतलं की पोरं उठून बसतात. त्याला फ्लॅट पाहिजे, त्याचा असिस्टंट पाहिजे आणि येताना स्वतःचे तीन खेळाडू आणणार. फ्लेक्सवर झकास दिसेल यात वाद नाही. पण तूच सांगितलं होतंस ना, २०१६ ला इंग्लंडची अॅस्टन व्हिला खाली गेली तेव्हा त्यांनी कोच म्हणून दि मात्तेओला आणलं. चार वर्षांपूर्वी चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला माणूस! लीगच्या ११ मॅचमध्ये एक विजय, आणि ऑक्टोबर उजाडला तोवर त्याला घरी पाठवला. हे मी बैठकीत सांगितलं, तर खजिनदार म्हणतो, व्हिलाकडं पैसा होता म्हणून त्यांना चुका परवडल्या. हे मात्र त्याचं खरं आहे. तिकडं खाली पडणाऱ्या टीमला सावरायला लीगकडनं पैसा मिळतो, त्याला पॅराशूटचा पैसा म्हणतात, तीन-तीन वर्षं. आपलं पॅराशूट म्हणजे गणपतीच्या वर्गणीतनं काय उरेल ते. गोव्याच्या माणसाला डिसेंबरात काढायची वेळ आली, तर नव्याला द्यायला चहाचे पैसे राहणार नाहीत. आणि त्यानं आणलेली ती तीन पोरं त्याच्याबरोबर पहिल्या एसटीनं जाणार.

दुसरे अण्णा, आपले आताचे कोच. अण्णांनाच ठेवा म्हणणारे बरेच आहेत, पण कमिटीत कुणी नाही. कोच बेनितेझ न्यूकॅसलला खाली जाण्यापासून वाचवू शकला नव्हता, तरी थांबला आणि पुढच्याच सीझनला पहिला नंबर काढून वर घेऊन आला, हे मी ठासून सांगितलं. लगेच कमिटीतल्या धाकट्यानं मोबाईल काढला. खाली गेल्यावर ल्यूटननं पण त्यांच्या कोचला, एडवर्ड्सला, ठेवला होता म्हणे, त्याला जानेवारीत जावं लागलं आणि टीम आणखी एक पायरी खाली. मग मी गप बसलो. खरं सांगू? मी अण्णांची बाजू घेत होतो ती शरमेपोटी. फेब्रुवारीत पोरांचा सराव बंद पडला तेव्हा ग्राउंडवर एकदाही न गेलेला मी, आणि तोंड खाली घालून घरी जाणारे अण्णा. असल्या शरमेवर कोच नेमायचा नसतो, एवढं मला पण कळतं.

एक कोचिंगचं लायसन्स असलेला पोरगा पण आला होता. लॅपटॉप उघडून तासभर बॉल मागून कसा बांधत आणायचा ते दाखवत होता. आपल्या गोलकीपरच्या पायात! मी म्हटलं, बाबा, त्याच हौसेनं तर आपण खाली आलोय. पोरगा हुशार आहे, पण तो कोच व्हिन्सेंट कंपनी, त्याचं आठवतंय ना? बर्नलीला १०१ पॉइंटनं वर आणलं, वर गेल्यावर पण तसाच खेळत राहिला, २४ पॉइंटवर परत खाली. तो मात्र उडी मारून जर्मनीच्या बायर्नला! तुमच्या तिकडच्या लेस्टर टीमचं तर तुला मी काय सांगायचं. कोच मारेस्का वर घेऊन आला आणि चेल्सीला निघून गेला, पुढं घरच्या मैदानावर ओळीनं नऊ मॅच एक गोल नाही. तू त्यातल्या किती बघितल्यास? पैसे देऊन? आणि मला म्हणायचास, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसणारे खुळे!

नोकरी कशी चाललीय? ओवीचं ॲडमिशन झालं का? मधी मंगळवार पेठेत काकू भेटल्या, हातात अळूची जुडी होती, तुझी आठवण काढून डोळे पुसले. दिवाळीला ये. विमान महाग आहे हे दरवेळी सांगू नकोस.

हां, मूळ मुद्दा. पोरं फुटायला लागलीत. आपल्या स्ट्रायकरला दोन पेठांतून फोन आलेत, एकीनं तर म्हणे गाडीची चावीच टेबलावर ठेवली. म्हणजे सीझन सुरू होईल तेव्हा कोण उरलंय ते उरल्यावरच कळणार. अठरा-एकोणीसची पोरं, दोन म्हातारे बॅक आणि तो गोलकीपर. यांच्यातनं टीम उभी करणारा माणूस पाहिजे. तसा एकच अर्ज आहे.

मास्तर.

ओरडू नकोस. पुढं वाच.

गेली सहा वर्षं ते गगनबावड्याच्या रस्त्याला एका शाळेत पोरं शिकवतात. मी मागच्या रविवारी सांगितल्याशिवाय जाऊन आलो. भर पावसात पोरांना नुसतं बॉल बाहेर मारायला शिकवत होते. उंच, लांब, लाज न बाळगता. साठी उलटलीय, आवाज तसाच. मला बघून म्हणाले, "सुनील कसा आहे?" आधी तुझं विचारलं, लेका.

कमिटीत दोघं अडून बसलेत. म्हणतात, ज्यानं २००४ च्या फायनलला सुन्याला बाहेर बसवलं आणि कप घालवला, त्याला परत तालमीची पायरी चढू द्यायची नाही. एकवीस वर्षं झाली, पेठेत अजून हेच चालतं. तू पण हेच सांगत आलास, तू फिट होतास, मास्तरांनी खुन्नस काढली. तुझ्या लग्नात त्यांना आमंत्रण नव्हतं. मी पत्रिका वाटत होतो, मला माहीत आहे.

सुन्या, आदल्या रात्री तुझ्या घोट्याला पट्टी मीच बांधली होती. तो लिंबाएवढा सुजला होता. तू मला आईची शपथ घातलीस, आणि सकाळी सहाला मी मास्तरांच्या दारात उभा होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू इथं आला नव्हतास." एवढंच. मग हरलो, पेठेनं त्यांच्या दारावर दगड मारले, ते गेले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. रविवारी पण नाही.

परवा बैठकीत तुझं नाव निघालं आणि मी चहाचा कप बघत बसलो. तोंड उघडलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. गुरुवारी मी सांगणार आहे, पण पेठेला कळायच्या आधी ते तुला माझ्याकडनं कळू दे.

बुधवारी रात्री फोन कर. तुझी शिफ्ट सुटली की लगेच, मी जागा असतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. : गोलकीपरला पण एका पेठेतनं फोन आलाय. आम्ही कुणी अडवलेलं नाही.