मावशी, तुमचा विश्वास मला उसना मिळाला

प्रिय मावशी,
सलाम.

हे पत्र तुमच्या हातात नेऊन देता आलं असतं. उघडं लिहितोय ते अशासाठी, की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये माझ्यासारखी डिप्रेशननं खचलेली माणसं पुष्कळ आहेत आणि ती बोलत नाहीत. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही चहा ठेवायला उठता, त्यामुळे एकदा सगळं सलग सांगायचं तर कागदच बरा.

मी खचलो तेव्हा घरात विशेष काही घडलेलं नव्हतं. शाळेतली नोकरी होती, मुलं शिकत होती, कुणाचं आजारपण नव्हतं. त्यामुळे "अहो सर, पण झालं काय?" असं कुणी विचारलं की सांगण्यासारखं काही हाताशी नसायचं. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडू नये असं वाटायचं. अंघोळ जिवावर यायची. उत्तरपत्रिका घेऊन बसलो की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचो. रविवारी उपासनेत सवयीनं बोटं पेटीवर फिरायची, मंडळी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं गायची. त्या गीतांनी लहानपणापासून माझे डोळे भरून यायचे. आता आत काही हलतच नव्हतं. प्रार्थनेला डोळे मिटले की समोर कुणी आहे असं वाटेना. विश्वासात वाढलेल्या माणसाला याची किती भीती वाटते, ते तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

बाकीच्यांना खूप समजावून पाहिलं. कुणी म्हणालं, विश्वास कमी पडतोय. कुणी म्हणालं, मनात लपवलेलं पाप असेल, कबूल करा. बाहेरगावहून आलेल्या एका प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून सैतानाला धमकावलं आणि तीन दिवसांचा उपास सांगितला. आधीच अन्न जात नव्हतं, त्यात उपास. एका भल्या माणसानं पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं: दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली, तरी बाई केडगावात बसून बायबलाचं भाषांतर पुरं करत होत्या. तुम्हाला तर काहीच झालेलं नाही! यातलं एक अक्षर खोटं नाही. पण ते ऐकल्यावर मी आणखी खाली गेलो. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "रमाबाईंची गोष्ट रमाबाईंना धीर द्यायला होती, तुला मारायला नव्हे."

तुम्ही पहिल्यांदा आलात ती दुपार मला नीट आठवते, कारण तुम्ही काहीच बोलला नाहीत. हुलग्याच्या शेंगोळ्यांचा डबा बायकोकडे दिलात आणि माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसलात. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तुम्ही विणत होतात बहुतेक. जाताना म्हणालात, "उद्या येते." आणि आलात. पुढे कधीतरी सांगितलंत की बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही, तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर.

मग एक दिवस तुम्ही मला सरळ विचारलंत, "जीव द्यावासा वाटतो का रे?" त्या आधी हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं तर आपणच ते डोक्यात घालू, अशी लोकांना धास्ती असते. तुम्ही पस्तीस-चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होतात, तुम्हाला ठाऊक होतं की विचारल्यानं तो विचार नव्यानं येत नाही, असला तर बाहेर पडतो. मी हो म्हणालो. तुम्ही दचकला नाहीत, शास्त्रवचन सांगितलं नाहीत, रागावलाही नाहीत. माझा हात धरलात आणि म्हणालात, "बरं झालं सांगितलंस. आता हे तुझ्या एकट्याकडे नाही." त्याच संध्याकाळी बायकोला विश्वासात घेतलंत, मला एकटं राहू द्यायचं नाही असं ठरवलंत, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून मला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलंत. त्या दिवशी मी "नको" म्हणायच्याही अवस्थेत नव्हतो, आणि तुम्ही माझ्या "हो"साठी थांबला नाहीत.

डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ची रक्ततपासणी करून घेतली, नंतर गोळ्या सुरू केल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, पहिले काही दिवस मळमळेल, मधेच मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ते रोज पुन्हा सांगितलंत. एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी जरा हिंडू-फिरू लागलो, सगळे म्हणाले आता बरा झाला, तेव्हा तुमच्या फेऱ्या उलट वाढल्या. अंगात बळ आधी येतं आणि मन मागून सावरतं, त्या मधल्या दिवसांतच धोका जास्त असतो, हे तुम्हाला माहीत होतं. मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीत.

गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं, असं मला वाटायचं, कारण तसं सांगणारे भेटले होते. तुम्ही बायबलातली प्रेषित पौलाची पत्रं काढलीत. कलस्सैकरांस लिहिताना तो लूकाला "प्रिय वैद्य" म्हणतो. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहितो, तेही उपास कर असं न सांगता. "मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही ना? मग?" एवढं बोलून तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात.

आणि एलीया! त्याची गोष्ट सांगणारा, बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय मी शब्बाथशाळेत कितीदा शिकवला असेन, पण शिकवताना पर्वतावरच्या वाऱ्या-भूकंपाकडे आणि त्यानंतरच्या मंद वाणीकडे घाईनं धावायचो. तुम्ही मला त्या आधीच्या झुडुपाखाली बसवलंत. कर्मेल डोंगरावर बालदेवाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा रानात जाऊन पडतो आणि आता पुरे, माझा जीव घे, असं देवाला म्हणतो. देव त्याला काय उत्तर देतो? काहीच नाही. त्याला झोपू देतो. दूत येतो तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो, वाट लांबची आहे म्हणतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्याला विचारला जातो तो चाळीस दिवसांची वाट चालून त्या पर्वतावर, होरेबला, पोचल्यावर. देवाला संदेष्ट्याच्या झोपेची आणि जेवणाची काळजी आधी होती. मावशी, हा अध्याय मी तुमच्या शेंगोळ्यांसकट शिकलो.

तरी मला सगळ्यात जास्त आधार कशाचा झाला म्हणाल, तर ८८व्या स्तोत्राचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, अश्रू पुसतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. सुरुवातीला "माझ्या तारणाऱ्या देवा" अशी हाक आहे, पण त्यानंतर शेवटपर्यंत एक आशेची ओळ नाही, ते अंधारातच संपतं. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत आणि पुस्तक मिटलंत. वर सारवासारव केली नाहीत, धीर देणारं २३वं स्तोत्र जोडलं नाहीत. मी विचारलं, असलं स्तोत्र बायबलात ठेवलंच कसं? तुम्ही म्हणालात, "कुणाला तरी लागणार होतं म्हणून." त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला वाटलं की मी अजून मंडळीतच आहे, बाहेर फेकला गेलेलो नाही. हे असं बोलणारा माणूसही देवाशीच बोलत होता.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. एकदा मी तुम्हाला म्हणालो होतो, "मावशी, मला प्रार्थना येत नाही. माझा विश्वास गेला." तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूम गावचा पक्षाघाती आठवायला सांगितलात. चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटून खाट खाली सोडली. "वाच," म्हणालात, "येशूनं कुणाचा विश्वास पाहिला?" त्यांचा. उचलणाऱ्यांचा. पडलेल्याच्या विश्वासाची तिथे कुणी चौकशीच केली नाही. "तू खाटेवर पडून राहा. प्रार्थना आम्ही करतो. तुझ्या वाटणीचा विश्वासही सध्या आम्हीच धरून ठेवतो, तुला लागेल तेव्हा घे." या वाक्यानं माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी देवाशी नातं टिकवून धरण्याची धडपड सोडून दिली आणि कळलं की ते माझ्या धडपडीवर टिकलेलंच नव्हतं. रोमकरांस पत्रात पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं पौल म्हणतो. मी ते नुसतं पाठ केलं होतं. त्या महिन्यांत मी त्यावरच जगलो.

त्या रविवारबद्दलही लिहायला हवं. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण कुणाच्या ऑपरेशनसाठी, बीपीसाठी, कुणाच्या परीक्षेसाठी नावं घेतो. माझी परवानगी विचारून तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आपल्या पेटीवाल्या सरांना डिप्रेशन आहे, औषध चालू आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू." मंडळी क्षणभर गप्प झाली. मग पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली, गुडघ्याच्या दुखण्यासाठी करतात तशीच. उपासनेनंतर दाराशी दोन माणसं थांबली होती, त्यातल्या एकाच्या तरण्या मुलीचं तसंच चाललेलं. इतकी वर्षं ते शेजारच्या बाकावर बसत होते आणि आम्हाला एकमेकांचं काही माहीत नव्हतं. आता नोटीस बोर्डावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावला आहे. सरकारी, मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येतं. तो कागद पाळकसाहेबांनी स्वतः चिकटवला.

बायकोच्या वतीनंही आभार. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंसुद्धा नव्हतं. तुम्ही माझ्याजवळ बसून तिला तुमच्या घरी पाठवायचात, "जा, दार लावून झोप दोन तास." ती अजून म्हणते की त्या दुपारच्या झोपेवर तिनं ते वर्ष काढलं.

मी आज पूर्ण बरा आहे असं लिहिणार नाही. पहाटे कधीतरी तो जडपणा पुन्हा येऊन बसतो. डॉक्टर गोळ्यांची मात्रा सावकाश कमी करताहेत, घाई नाही. पेटी पुन्हा मन लावून वाजवतो. प्रार्थना येते, तोकडी का होईना माझी स्वतःची. ज्या मुलीबद्दल वर लिहिलं, तिच्याकडे मी आणि माझी बायको बुधवारी जातो. मी फारसं बोलत नाही, खुर्ची ओढून बसतो.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही पुढे ढकलताय असं ऐकलं. तसं करू नका. तारीख घ्या, रिक्षा मी आणतो, दवाखान्यात रात्री थांबायला आम्ही दोघं आहोत, डबा घरून येईल. आणि येत्या रविवारी उपासनेनंतर चालत निघू नका, पेटी झाकून ठेवतो आणि तुम्हाला घरी सोडतो.

आईनं आणि मुलांनी सलाम सांगितलाय.

तुमचा,
पेटीवाला