पहाटे चारचा व्यवहार

आंजर्ले, ता. दापोली

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, कोड तर तो एआय असिस्टंटच लिहितो, मी नुसतं टॅब दाबून मान्य करते. मग मला नक्की येतं काय?" पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की तेव्हा नीट बोलता आलं नाही. आणि हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकण्यासारखाही नाही. म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे.

तुझ्या त्या रोजच्या जमेच्या रिपोर्टपासूनच सुरुवात करू. दुकानदाराचा दिवसाचा गल्ला किती झाला, एवढंच त्यानं सांगायचं. असिस्टंटनं कोड लिहिला, टेस्टही त्यानंच लिहिल्या, सगळ्या हिरव्या म्हणजे पास झाल्या, दुसऱ्यानं वाचून रिव्ह्यू झाला, मुख्य कोडमध्ये मर्ज झाला. आणि आठवड्याच्या आत तक्रारी आल्या, त्याही मासळीवाल्या आणि दूधवाल्यांच्याच. तुला चूक सापडायला वेळ लागला आणि तू खट्टू झालीस. पण झालं काय होतं ते एकदा शांतपणे बघ. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे जो व्यवहार होतो, त्यावर सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाची तारीख पडते. टेस्टमधले सगळे व्यवहार सकाळी अकराचे नाही तर दुपारी तीनचे. किराणा दुकान, मेडिकल, सलून यांना कधीच फरक पडला नाही. ससून डॉकवर पहाटे मासळी उचलणाऱ्या बाईचा मात्र अर्धा गल्ला कालच्या दिवसात गेला.

आता मला सांग, त्या असिस्टंटला टाइम झोन माहीत नव्हता का? तू विचारलं असतंस तर त्यानं चार परिच्छेद लिहून दिले असते. पण पहाटे चारला कुणीतरी पैसे मोजून घेतं, ही गोष्ट त्याला कुणी सांगायची? ती तुला माहीत होती. हर्णैच्या बंदरावरचा लिलाव बघत तू मोठी झालीस. डोक्यावर बर्फ-मासळीची पाटी घेऊन पहिली एसटी पकडणाऱ्या बायका तू रोज पाहिल्यास. ते ज्ञान ऑफिसच्या कामात उपयोगी पडेल असं तुला वाटलं नाही, एवढंच. तुला काय येतं, याचं माझ्या मते हे पहिलं उत्तर आहे. कोड लिहून देणारा आता स्वस्तात मिळतो. तो कोड कुणाच्या हातात, किती वाजता, कसल्या घाईत चालणार आहे, हे जाणणारं माणूस लागतंच.

मी काही यंत्राच्या विरोधात नाही. २०२१ मध्ये कोड सुचवणारा कोपायलट आला तेव्हापासून मी असली साधनं वापरते आहे, आणि आता तर एजंट स्वतः फायली उघडतो, बदलतो, टेस्ट चालवतो, चुकलं तर पुन्हा करतो. जुन्या जावाचा कोड नव्या आवृत्तीवर नेण्याचं कंटाळवाणं काम त्यानं माझ्या डोक्यावरून उतरवलं, मला त्याचा आनंद आहे. काळजी वाटते ती तुमच्या वयाच्या मुलांची. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट नव्हती, ती २००८ मध्ये आली. एखादी एरर आली की दिवसभर तिच्याशी झटायचं, आणि त्या झटण्यात पुष्कळ काही आपोआप अंगात मुरायचं. तुमचं ते झटणंच काढून घेतलंय. म्हणून रोज थोडा वेळ तू ते मुद्दाम कर. एखादं छोटं काम असिस्टंट बंद ठेवून लिही. डीबगर लावून एकेक ओळ पुढे सरक, व्हेरिएबलमध्ये काय बदलतंय ते बघ. डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारा एक्स्प्लेन प्लॅन काढून वाच. तुमच्या लीडना वाटेल मुलगी हळू आहे. वाटू दे काही महिने.

आणि जे एजंटनं लिहिलं ते मर्ज करण्याआधी पूर्ण वाच. आठशे ओळींचा डिफ, म्हणजे बदलांची यादी, आला तर तो तसाच रिव्ह्यूला टाकू नकोस, तुकडे पाड. रिव्ह्यू करणारा तुझ्यासारखाच दमलेला असतो, तोही "ठीक दिसतंय" लिहून मोकळा होतो, आणि मग तो कोड या जगात कुणीच वाचलेला नसतो. मला हे फार धोक्याचं वाटतं.

तुला एक्सझेडची गोष्ट माहीत असेल, पण ती पुरती ऐक. एक्सझेड ही फायली आकसून लहान करणारी लायब्ररी, जगभरच्या लिनक्समध्ये असते. लासे कॉलिन नावाचा एक माणूस ती वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होता, आणि तब्येतीच्या कारणानं थकलाय असं त्यानं उघड लिहिलंही होतं. जिया टान या नावाखाली कुणीतरी २०२१ पासून मदतीला आलं, चांगले पॅच म्हणजे दुरुस्त्या देत राहिलं, विश्वास मिळवला आणि शेवटी देखभालीचे अधिकार मिळवले. मग २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. तोही कसा, टेस्टसाठी ठेवलेल्या फायलींत लपवून, म्हणजे नुसता सोर्स वाचणाऱ्याला दिसू नये असा. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरनं. त्याचं काम सुरक्षेचं नव्हतंच. तो वेग मोजत होता, आणि एसएसएचनं, म्हणजे दुरून, सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, सीपीयूही उगाच तापतोय, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! शंभरातल्या नव्व्याण्णवांनी "नेटवर्क हळू असेल" म्हणून सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यानं सगळं जगासमोर मांडलं. त्या आवृत्त्या बहुतेक सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच मागे घेता आल्या.

ही गोष्ट मला भावते ती त्या खटकण्यासाठी. खटकायला आधी नेहमीचं कसं असतं ते माहीत असावं लागतं. ॲपच्या मागण्यांना उत्तर देणारं तुमचं एपीआय साधारण किती मिलिसेकंदांत उत्तर देतं, लॉगमध्ये रोज किती ओळी पडतात, सोमवारी लोड किती चढतो, हे तू डोळ्याखालून घालत जा. कुणी सांगितलं नाही तरी. आणि त्या लासे कॉलिनचीही आठवण ठेव. तुमच्या ॲपखाली अशा कितीतरी एकट्या माणसांची फुकटची मेहनत आहे. जमेल तेव्हा एखाद्याचं डॉक्युमेंटेशन सुधारून दे, बग नीट लिहून कळव. उद्धटपणे "अजून का झालं नाही" असं कधीही लिहू नकोस.

निसर्ग वादळ तुला आठवतं ना? ३ जून २०२०. आपल्या आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माजघरावरचे कोने उडाले आणि लाईट गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. टॉवर आडवे. मी तेव्हा नुकतीच घरून काम करायला लागले होते. बाबांनी जनरेटरवाल्याकडून लॅपटॉप चार्ज करून आणायचा, मी कोड लिहून जागच्या जागी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करत राहायची, आणि कड्यावरच्या गणपतीकडे चढून रेंज मिळाली की सगळं एकदम सर्व्हरवर पुश. हे शक्य झालं ते कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटच्या घडणीमुळे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतलं, लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाची फुकट परवानगी गेल्यावर. त्यात प्रत्येकाच्या मशीनवर सगळा इतिहास असतो, कमिट करायला सर्व्हर लागत नाही.

त्या दिवसांत वेळ होता म्हणून मी जुना इतिहास खूप वाचला. "फिक्स", "अपडेट", "चेंजेस" असल्या कमिट मेसेजांनी पानंच्या पानं भरलेली. आणि मधूनच कुणीतरी लिहिलेलं असायचं की ही विचित्र अट का घातली, पैशांची बेरीज डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात का करायची नाही, ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३ पुढच्या शून्यांच्या शेवटी ४ उमटतो म्हणून. लिहिणारा कधीच सोडून गेलेला, पण त्या तीन ओळींनी माझे कित्येक तास वाचले. काय बदललं ते डिफ सांगतोच. का बदललं ते तू लिही. कमिटवर नाव तुझं असतं, असिस्टंटनं लिहिलं असलं तरी.

आता ऑन-कॉलबद्दल, म्हणजे रात्री-अपरात्री काही बिघडलं तर उठून बघायच्या पाळीबद्दल. पुढच्या महिन्यापासून तुझं नाव पाळीत आहे म्हणालीस आणि आवाजात भीती होती. लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण वाचून ठेव. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरनं दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग बॅकअप शोधायला गेले तर ते आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हते, आणि ते होत नाहीत हे कळवणारे मेलही पोचत नव्हते. त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची नक्कल, होता म्हणून वाचले. कंपनीनं हे सगळं दुरुस्ती चालू असतानाच जाहीर केलं आणि नंतर तपशीलवार लिहिलं, त्या माणसाचं नाव न घेता. चांगल्या टीमची ती खूण मला वाटते. तुझ्या टीमला जाऊन विचार की बॅकअपवरून डेटाबेस उभा करून शेवटचा कधी पाहिला होता. नवीन मुलीनं विचारायला हा उत्तम प्रश्न आहे, कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर ते मला कळव. रात्री एकटीनं प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या चालू सिस्टिमवर, डिलीट चालवायची वेळ आली तर आधी दुसऱ्याला उठव. झोपमोड झाली म्हणून कुणी मरत नाही. आणि रात्र जागलीस तर दुसऱ्या दिवशी उशिरा जा, न लाजता सांगून.

पाठीचं आणि मनगटाचं मी बोलत नाही, तू ऐकत नाहीस. खुर्ची तेवढी बदल, पैसे मी पाठवते.

गणपतीत ऑन-कॉल कुणावर आहे ते आत्ताच बघून ठेव. तुमच्या टीममध्ये दोघं नागपूरचे आहेत ना, त्यांच्याशी दिवाळीतली पाळी बदलून घे, त्यांनाही बरं पडेल. स्वारगेटहून दापोलीच्या गाड्या लवकर भरतात. बाबा म्हणतात, आरतीला लॅपटॉप उघडायचा नाही.

तुझी,
आई