भरती-ओहोटीच्या वेळा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी घ्यायच्या काळजीवरचा लेख वाचला. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओआरएसची पाकिटं, टायरमधली हवा, सगळं त्यात आहे. समुद्राविषयी मात्र एकच ओळ आहे, की पाण्यात उतरताना स्थानिकांचा सल्ला घ्यावा. मी स्थानिक आहे. गुहागर तालुक्यात किनाऱ्याला लागून आमचं घर आहे आणि गेली १७ वर्षं मी घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चालवते. त्या एका ओळीने मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

यंदा १ मे शुक्रवारी आला आणि त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा. तीन दिवसांची सुट्टी म्हणून सगळा किनारा माणसांनी भरून गेला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब चुकत नाही. तिथून सहा तास पाणी उतरत राहतं. म्हणजे शुक्रवारी दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत समुद्र बाहेर ओढत होता. आणि आमच्याकडे येणारी माणसं जेवून, पडून, चहा घेऊन पाण्यात उतरतात ती नेमकी चार-पाचच्या सुमाराला. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल उतरतं, वाळू लांबवर उघडी पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं की आज समुद्र मागे आहे, मुलांना सोडायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातच, अशाच उधाणाच्या शनिवारी, घाटावरचं एक कुटुंब आमच्याकडे उतरलं होतं. पाहुणे आले की सामान ठेवायच्या आधी मी भरती-ओहोटी सांगते. त्या दिवशी ते अडीचला आले, मुलं भुकेने कळवळली होती, आत पानं मांडलेली होती. म्हटलं, जेवणं होऊ देत, मग सांगू. जेवणं झाल्यावर मी भांड्यांत गुंतले आणि सांगायचं राहून गेलं. पाचच्या सुमाराला मी विळीवर नारळ खवत होते, तर त्यांची मुलगी अनवाणी धावत आली. तिला बोलता येईना, नुसता किनाऱ्याकडे हात करत होती.

अकरा वर्षांचा धाकटा गुडघाभर पाण्यात उभा होता. पायाखालची वाळू सरकली आणि तो आत गेला. त्याला धरायला विशीतला चुलतभाऊ धावला. आमच्या शेजाऱ्यांनी होडीतला दोर रिकाम्या कॅनला बांधून फेकला, तो धाकट्याच्या हाताला लागला. थोरला ओढीच्या उलट किनाऱ्याकडे हात मारत राहिला, दमला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सुरूच्या बनापलीकडे सापडला. निघताना त्याची आई गाडीतून उतरून परत आली आणि पायरीवरच्या चपलांत काहीतरी शोधू लागली. तिच्या नजरेला पडू नये म्हणून तो जोड मी आधीच आत नेऊन ठेवला होता. तिने तो मागून घेतला.

तेव्हापासून माझ्या पडवीत फळा आहे. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की मी खडूने त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिते आणि खाली लिहिते, अमुक वाजल्यानंतर पाण्यात जायचं नाही. माझ्याकडे उतरणारे ऐकतात. पण बाकीच्या किनाऱ्याचं काय? असाच फळा किनाऱ्याच्या वाटेवर लावा, वेळ रोज मी स्वतः येऊन लिहीन, असा अर्ज मी दिला होता. त्याचं उत्तर आलं नाही. तिथे 'पोहणे धोकादायक आहे' अशी गंजलेली पाटी आहे. बारा महिने तेच लिहिलेलं असलं की माणूस ते वाचायचं सोडून देतो. साडेचारला ओढ सुरू आहे हे साडेचारला सांगावं लागतं.

समुद्र पावसाळ्यातच वाईट, असं वरची माणसं धरून चालतात. १ फेब्रुवारी २०१६ला रायगडातल्या मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडून गेले. १५ एप्रिल २०१७ला मालवणजवळ वायरीला बेळगावचे ८ बुडून गेले. यातला एकही दिवस पावसाळ्याचा नव्हता, आणि पौर्णिमा-अमावास्याही नव्हती. म्हणजे उधाण नसलं तरी सावध राहावंच लागतं. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गुळगुळीत आहे, अशी जागा दिसली की पर्यटक लेकरांना घेऊन तिथेच जातात, कारण ती शांत वाटते. ओढ तिथेच असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत जातं आणि तिथे तळ खोल असतो, म्हणून लाट फुटत नाही. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा आणि किनाऱ्याला समांतर आडवे पोहत बाहेर या. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेऊ नका, दोर, कॅन, हवा भरलेली ट्यूब, हाताला येईल ते फेका. हातात हात धरून साखळी करून आत जाणं तर नकोच, एकाचा पाय सुटला की सगळे ओढले जातात. तुमच्या लेखात सनस्क्रीन कोणती घ्यावी याला एक परिच्छेद दिला आहे. तेवढ्या जागेत हे सगळं बसलं असतं.

आणि किनाऱ्यावर पळवल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दलही लिहा. रविवारी एक जीप ओल्या वाळूवरून गिरक्या घेत होती, आणि वीस पावलांवर दोन मुली वाळूचा किल्ला करत बसल्या होत्या. मी आडवी उभी राहिले तेव्हा ती थांबली. नंतर तीच जीप वाळूत रुतली, पाणी चढू लागलं, आणि ती काढायला आमच्याच गावची पोरं अंधारात कमरेइतक्या पाण्यात उतरली. त्यांच्या आया काठावर उभ्या होत्या.

आपण रोज सूर्योदय-सूर्यास्त छापता, राशिभविष्य छापता. त्याच्या शेजारी मे महिनाभर रत्नागिरी आणि मालवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापा, दोन ओळींची जागा लागेल. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत तर नक्की छापा, निघण्याआधी वाचतील.

येत्या १६ मे रोजी शनिवार आहे आणि अमावास्या. सकाळी सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान पूर्ण भरती, तिथून संध्याकाळी सहापर्यंत ओहोटी. एवढं तरी शुक्रवारच्या अंकात येऊ द्या.

आपली,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
४ मे २०२६