शेटलंडच्या गॅनेट पक्ष्यांसाठी थोडे हात आणि थोडे पौंड हवेत

मंडळी नमस्कार, एप्रिलमध्ये शेटलंडचा (स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं) एक किनारा साफ करायला जायचंय, त्यासाठी हे पत्र.

आपल्या अ‍ॅबर्डीनच्या मराठी ग्रुपची गेल्या जूनमधली शेटलंड ट्रिप ज्यांनी केली त्यांना नॉस बेटाचा कडा आठवत असेलच, आणि जे बोटीच्या कठड्याला धरून ओकत होते (नावं घेत नाही) त्यांच्यासाठी परत सांगतो. शेटलंडच्या लेरविक बंदरातून छोट्या बोटीने निघालो, ब्रेसे बेटाला वळसा घातला आणि समोर उभी 180 मीटरची सरळसोट भिंत, तिच्या कपारीकपारीत गॅनेट, म्हणजे मोठे समुद्रपक्षी. आधी वास आला, मग कलकलाट, मग पक्षी. पांढराशुभ्र, पंख पसरले की सहा फुटांच्या आसपास, आणि वरून पंख मिटून पाण्यात असा घुसतो की पोरं टाळ्या वाजवायला लागली.

तेवढ्यात एकाने दुर्बिणीतून बघत विचारलं, काका त्यांना निळी दोरी कोणी बांधलीय?

कोणी बांधली नव्हती, घरट्यातच होती. गॅनेट समुद्रावर तरंगणारं शेवाळ गोळा करून घरटं बांधतो, आणि कोळ्यांच्या जाळ्यांचे, नायलॉन दोऱ्यांचे तुकडे पण तो तसेच उचलून नेतो. मग पिल्लाचा पाय त्यात अडकतो आणि उडायची वेळ आली की ते तिथेच लटकून मरतं. त्यात 2022 च्या बर्ड फ्लूने गॅनेट आणि बॉन्क्सी दोघांचेही फार हाल केले. (बॉन्क्सी म्हणजे ग्रेट स्कुआ हा समुद्रपक्षी, आपल्या सगळ्यांच्या टोप्यांवर झडप मारत होता तो. जगातले निम्म्याहून जास्त बॉन्क्सी स्कॉटलंडमध्येच घरटी करतात, त्यामुळे टोपी गेली तरी रागावू नका.)

एकदा कड्यावर गेलेली दोरी काढणं आपल्यासारख्यांचं काम नाही, पण वाळूत पडलेली उचलता येते. शेटलंडचे लोक 1988 पासून दर वसंतात हेच करतात, त्याला ते 'दा वोअर रेड अप' म्हणतात, वोअर म्हणजे वसंत आणि रेड अप म्हणजे आवराआवर. जेमतेम 23,000 वस्ती, त्यातले हजारो लोक बाहेर पडून हिवाळ्यातल्या वादळांनी आणून टाकलेला कचरा वेचतात. ह्या एप्रिलमध्ये आपणही एक किनारा घ्यायचा असं ठरलंय.

माणसं 20 तरी हवीत. सध्या 11 नावं आलीत, त्यातले 6 विद्यार्थी आहेत आणि त्यांना फेरीबोटीचं तिकीट आणि राहणं परवडत नाही, म्हणून प्रत्येकी 150 म्हणजे 900 पौंड जमवतोय. 5 द्या, 50 द्या, काहीही चालेल, हिशोब ग्रुपवर टाकू, उरले तर तिथल्याच साफसफाईच्या कामाला देऊ. शिवाय जाड रबरी हातमोजे, दोरी कापायला चांगले चाकू (वाळूत रुतलेलं जाळं नुसतं ओढून निघत नाही, गेल्या वर्षी मी एक ओढून बघितलं आणि पाठ धरली) आणि कपाटात पडून असलेल्या दुर्बिणी पाहिजेत. दुर्बिणी पोरांना वापरायला, परत मिळतील.

आधीच सांगतो, जूनची मजा एप्रिलमध्ये नाही. मध्यरात्रीपर्यंतचा उजेड नसेल, मुसा बेटावरच्या जुन्या दगडी बुरुजात घरटी करणारे चिमुकले स्टॉर्म पेट्रेल पक्षी तर मे संपताना येतात. वारा मात्र भरपूर. पण शेटलंडच्या दक्षिण टोकाला सम्बरो हेडवर पफिन पक्षी तोवर यायला लागलेले असतात, आणि ओर्का (किलर व्हेल) कधी दिसतील त्याचा नेम नाही, दिसले तर कचऱ्याच्या पिशव्या टाकून पळायची परवानगी आहे.

नावं आणि वर्गणी ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत खजिनदारांकडे द्या, नंतर फेरीबोटीची तिकिटं महाग होतात. संध्याकाळी निघून सकाळी साडेसातला पोचतो, रात्रभर बोट हलते, तेव्हा आलेपाक ज्याने त्याने आपापला आणा, गेल्या वेळी माझा सगळा संपवलात.