बाउंड्री नुसती सिलेक्ट करायला शिकवू नका

संपादक महोदय,

सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) प्रोग्रॅमिंगचे कोर्स करून पोरं बाहेर पडतात, स्ट्रॅटेजींची, म्हणजे कटर फिरवायच्या पद्धतींची, नावं तोंडपाठ असतात, पण टूल (कटर) बाउंड्रीच्या, म्हणजे कटर कुठपर्यंत फिरू द्यायचा ते ठरवणाऱ्या रेषेच्या, आत ठेवायचं, रेषेवर की बाहेर, आणि का, हे विचारलं की गप्प. डिफॉल्ट जे असेल ते ठेवून ओके मारतात. शिकवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं म्हणून मुद्दाम लिहितोय.

१० एमएमचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) घ्या. त्याचं सेंटर बाउंड्रीच्या रेषेवर ठेवलं की अर्धा कटर, म्हणजे ५ एमएम, रेषेबाहेर फिरणार, तिथे जॉब (कापायचा तुकडा) पकडणारा क्लॅम्प असला तर सरळ धडक. मग घाबरून टूल आत ठेवलं तर सपाट भागावर कटरचं टोक रेषेच्या ५ एमएम अलीकडेच थांबतं आणि कडेला मटेरियल तसंच राहतं, ते नंतर हाताने घासत बसा. बाहेर जाऊ दिलं तर उघड्या कडेवरून बॉल खाली घरंगळतो, धारदार कड मारली जाते आणि हवेत फिरण्यात वेळ जातो तो वेगळाच.

उतारावर तर अजून गंमत होते, कारण तिथे कटर टोकाने कापतच नाही. ४५ अंशाच्या उतारावर याच बॉलनोजचा टेकण्याचा बिंदू सेंटरपासून साधारण साडेतीन एमएम बाजूला असतो, म्हणून सेंटर धरून लावलेली बाउंड्री आणि प्रत्यक्ष मशीन झालेला भाग जुळत नाहीत. अशा वेळी कॉन्टॅक्ट पॉइंटवर, म्हणजे याच टेकण्याच्या बिंदूवर, बाउंड्री धरायचा ऑप्शन असतो, तो शिकवलाच जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. शिवाय बाउंड्री बहुतेक वेळा वरून सरळ खाली प्रोजेक्ट होते (उतरवली जाते), त्यामुळे ८० अंशाच्या भिंतीवर वरून फक्त १ एमएम दिसणारा फरक खोलीत साडेपाच एमएमच्या वर जातो. अशा उभ्या भागाला बाउंड्री काढत बसण्यापेक्षा उताराच्या कोनाची मर्यादा द्यावी, नाहीतर झेडची, म्हणजे उंची-खोलीची.

आणि लीड-इन, लीड-आउट, म्हणजे कटरच्या कापात शिरायच्या आणि बाहेर पडायच्या हालचाली! बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते बाउंड्री पाळत नाहीत, सिम्युलेशनमध्ये क्लॅम्पचं मॉडेल घेतलेलं नसलं तर सगळं हिरवंच दिसतं.

माझी विनंती एवढीच, की प्रॅक्टिकलला एकच जॉब तिन्ही सेटिंगने कापून घ्यावा आणि कडेला काय राहिलं ते पोरांकडूनच मोजून घ्यावं, आणि सेटअप शीटवर (मशीनवर जॉब कसा लावायचा त्या कागदावर) बाउंड्रीचा प्रकार आणि ऑफसेट (रेषेपासून ठेवलेलं अंतर) लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम मशीनवर जाऊ देऊ नये.

आपला,
एक कॅम प्रोग्रॅमर